कासवांसाठी चादर

आमच्या घरात त्या दिवसांत बसायची ती एकटी आई, आणि तीही भाकऱ्या थापायला किंवा लोकांच्या साड्यांना फॉल लावायला. बाबा आणि मी, आम्हा दोघांना एका जागी टिकणं म्हणजे शिक्षा वाटायची. माझं वय तरी तसं होतं. नुकती कॉलेजात गेले होते, डोकं कायम तापलेलं, आणि राग आला की धावत सुटायचं एवढंच मला कळत होतं. बाबांचं वेगळं होतं. ते गिरणीत रिंगखात्यात साईडर होते. साईडरने सूत कातणाऱ्या लांबलचक यंत्राच्या कडेकडेने पाळीभर चालत राहायचं, आणि कुठे धागा तुटलेला दिसला की तो चटकन जोडून पुढे व्हायचं. लग्नाच्या आधीपासून बाबा असे चालत आले होते. मग संप झाला, तो लांबत गेला, आणि मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. फाटक बंद राहिलं ते राहिलंच. बाबा मात्र चालत राहिले. आमच्या खोलीच्या दारापासून मजल्यावरच्या नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. शेजारचे तात्या गॅलरीत पेपर वाचत बसायचे, ते बाबा आले की मान वर न करता पाय आखडून घ्यायचे आणि बाबा गेले की पुन्हा पसरायचे.

"वायच बसा ओ," आई आतून ओरडायची. "लादी झिजतली."

बाबा बसायचे. कपातला चहा संपेपर्यंत. मग पुन्हा उठायचे.

लालबागच्या मोठ्या रस्त्याकडे तोंड करून आमची चाळ उभी होती. आता तिथे गॅलरीच्या उंचीवरून पूल गेलाय आणि गाडीत बसलेल्या माणसाला वाटलं तर लोकांच्या घरात काय शिजतंय ते दिसू शकतं. तेव्हा आम्ही वरून रस्ता बघायचो, रस्ता आम्हाला बघत नव्हता. संपाआधी आमच्या त्या एका खोलीत श्वास घ्यायला जागा नसायची. आईची खानावळ होती. गावाकडून एकटे आलेले गिरणीवाले पाळी सुटली की जेवायला यायचे, भिंतीला पाठ लावून दोन रांगांत बसायचे, आणि मी मधून सोलकढीचं भांडं घेऊन फिरायचे. सोमवारी काळ्या वाटाण्यांची आमटी, बुधवारी सुक्या बांगड्याचं तिखलं, आणि पगार झाला की त्या रविवारी मटण. भाकरी थापण्याचा आवाज, ताटं आपटण्याचा आवाज, "गो वैनी, वायच रस घाल" हा आवाज. मी वैतागायचे. कानांवर हात ठेवून अभ्यास करायचे आणि मनात म्हणायचे, एकदा तरी हे सगळे गप्प बसू देत. ते गप्प बसले तेव्हा मात्र मला घरात थांबवेना. जेवणारे एकेक करून गावाला निघून गेले. मोठे टोप माळ्यावर पालथे घातले गेले. आमचं जेवण म्हणजे पेज, खारातली मिरची आणि कधीमधी जवळ्याची चटणी. आईला चौघांपुरतं शिजवायची सवयच नव्हती, आणि आम्ही तर तिघंच होतो. पहिले कितीतरी दिवस तिचा हात पिठाच्या डब्यात जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा.

बाबा चालायचे हे मी सांगितलं, पण ते खाली उतरायचे नाहीत हे सांगायचं राहिलं. ते आधीचं सांगितलं पाहिजे. संपात दर आठवड्याला आमच्या भागात चादर फिरायची. चौघांनी चार टोकं धरायची, मधोमध चादर सैल सोडायची, आणि चाळीचाळीतून हिंडायचं. लोक वरून नाणी टाकायचे, दारातून मूठभर तांदूळ टाकायचे, कुणी नारळ, कुणी कांदे. ते ज्यांच्या घरात चूल पेटत नसेल त्यांच्याकडे जायचं. त्या चादरीचं एक टोक बाबांच्या हातात असे आणि घोषणाही तेच द्यायचे. बाबा बारीक चणीचे, पण आवाज असा की नाक्यावर ओरडले तर चिंचपोकळीत ऐकू जावं. लोक म्हणायचे, गुरवांचा आवाज आला, चला खाली. या आवाजाने त्यांनी कितीजणांना थांबवलं होतं. कामावर परत जाऊ नका, अजून थोडे दिवस कळ काढा, असं घरोघर जाऊन सांगितलं होतं. आणि मग काहीच झालं नाही. आमच्याच खानावळीत जेवणारा बाबू गावकर गाव गाठायच्या आधी निरोप घ्यायला आला. बाबांच्या वयाचा, सरळ माणूस. भांडला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "तुज्या शब्दार थांबलंय रे. आता जातंय." तेवढंच. आईने पुढे केलेलं पाणी प्यायला आणि ट्रंक उचलून जिना उतरला. त्या दिवसापासून बाबा खाली उतरले नाहीत आणि घोषणा तर दूरच, घरातही एका शब्दाच्या जागी अर्धा शब्द बोलायला लागले. नळ, संडास सगळं मजल्यावरच होतं, त्यामुळे उतरायची तशी गरजही पडत नव्हती. रेशन आई आणायची. बाबांसाठी विडी मी आणायचे.

पहिले काही आठवडे आम्हाला वाटलं, उतरतील. मग आईने एकदा मला मोरीत भांडी घासताना हळूच सांगितलं की तिला भीती वाटते. पलीकडच्या चाळीत एका विणकराने काय करून घेतलं ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून मी कॉलेजातून आले की आधी गॅलरीकडे बघायचे. बाबांच्या फेऱ्या चालू दिसल्या की जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा इतका राग यायचा की पिशवी टाकून मी नायगावच्या मैदानाकडे पळायचे.

तिथे तांडेलबाई भेटायच्या. त्या माझ्या शाळेत पीटीच्या बाई होत्या, कोळीवाड्यातल्या, खांदे पुरुषासारखे रुंद, बोलणं खणखणीत. शाळा सुटली तरी त्यांनी मला सोडलं नव्हतं. संध्याकाळी मैदानावर मुलींना पळवायच्या, फुकट. एकदा मी फेऱ्या मारून धापा टाकत होते तेव्हा म्हणाल्या, "सुमन, तू धावत नाहीस. तू कुणाच्या तरी अंगावर धावून जातेस. लांब पल्ल्याची शर्यत आहे, पळशील का? तेवढ्या पल्ल्यात राग पुरत नाही, मग कळेल तुला धावणं."

ही शर्यत म्हणजे पूर्ण मॅरेथॉन होती, आणि ती होती कासवांसाठी. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ती अंडी लोक काढून नेतात, कुत्री-कोल्हे खातात, म्हणून किनाऱ्यावर पहारेकरी ठेवायचे आणि त्यासाठी पैसे उभे करायचे, असं गिरगावातल्या काही मंडळींनी ठरवलं होतं. मंडळी जमायची पेंडसे डॉक्टरांच्या दवाखान्यात. या डॉक्टर दातांच्या होत्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका कपाटात कवळ्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर भिंतीला हे एवढं कासवाचं चित्र. तांडेलबाईंना कासवांचं वेड घरातूनच होतं. त्यांच्या भावांच्या जाळ्यात कासव आलं तर ते जाळं कापून त्याला सोडायचे आणि सोडताना त्याच्या पाठीला हळदकुंकू लावायचे. जाळ्याचं नुकसान झालं तर झालं. मला मात्र कासवांचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. बेचाळीस किलोमीटर घराबाहेर राहायला मिळणार, तेही कुणी का म्हणून न विचारता, हे मला हवं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी गावाजवळच्या किनाऱ्यावर मी त्यांची पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली. इतकी सावकाश चालतात की मला उचलून फेकावीशी वाटली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या शहरी बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. पण मी शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत तिथून हलले नाही, आणि एका जागी उभं राहणं मला किती जड जातं हे घरच्यांना विचारा.

तर शर्यतीचा नियम असा की पळणाऱ्याने आपल्या ओळखीच्या लोकांकडून आधी शब्द घ्यायचा, मैलामागे अमुक रुपये देईन, आणि पळून झालं की तेवढे मैल मोजून ते गोळा करायचे. "ओळखीचे व्यापारी, ऑफिसातले साहेब, फॅमिली डॉक्टर, कुणीही चालेल," पेंडसे डॉक्टर म्हणाल्या. माझ्या ओळखीत असा एकही माणूस नव्हता. आमच्याकडे पळून झाल्यावर देतो हा प्रकारही नव्हता. आमच्याकडे मदत मागायची एकच रीत मी लहानपणापासून पाहिलेली होती. मी माळ्यावर चढले, पालथ्या टोपांच्या मागून ती चादर काढली, मजल्यावरच्या तिघी मैत्रिणींना टोकं धरायला लावली आणि निघाले.

"कसली फेरी गो?" पहिल्याच जिन्यावर पार्वतीकाकूंनी विचारलं. त्या खानावळीच्या दिवसांत आईला मदतीला यायच्या.

"कासवांसाठी."

"कासवांसाठी?" काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि आमच्यासाठी कोण धावतला?" असं म्हणत त्या आत गेल्या आणि मूठ भरून तांदूळ घेऊन आल्या. "चादर दारातसून रिकामी जाऊची नाय."

असंच घरोघर झालं. लोक हसले, टपल्या मारल्या, पण टाकलं. ज्यांच्याकडे मूठभर नव्हतं त्यांनी चिमूटभर टाकलं. आमच्या मागच्या गल्लीत टवाळ पोरं कॅरम खेळत बसायची, त्यांतला एकजण ओरडला, "ए सुमन, मोर्चा कुठला? युनियन कुठली तुमची?"

"कासवांची."

"मागण्या काय मग?"

"अंडी घालायला जागा पाहिजे."

"आणि मालक कोण?"

मी चादर पुढे ओढली. पोरं खिदळली. पण एका दारात वेगळं झालं. तिथल्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही, चादरीकडे पाहिलं. ती चादर तिने ओळखली. मग तिने दार लावून घेतलं, आपटलं नाही, नुसतं लावलं. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या चल पुढे. मी चालले, पण हातातलं टोक जड झाल्यासारखं वाटलं.

घरी आले तर बाबा गॅलरीत थांबले. चालता चालता थांबले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. चादर खोलीत उतरवली तेव्हा मधोमध तांदळाचा चांगला ढीग झाला होता, वर चार नारळ, थोडी नाणी.

"ही चादर कोणाक इचारून काढलंस?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. घाबरत नाही, तावातावाने. कारण मला वाटलं आता ते रागावतील आणि मला ते हवंच होतं. अर्ध्या शब्दांचा मला कंटाळा आला होता.

"फिरताना नाव कोणाचां घेतलंस?"

"कासवांचं."

"मागणी काय केलंस?"

"किनाऱ्यावर अंडी घालायला जागा मिळाली पाहिजे, अशी."

बाबांनी ढिगाकडे बघितलं. "मग हो तांदूळ कासवांचो. कोणी हात लावूचो नाय."

आई चुलीपाशी होती, ती ताडकन उठली. "कासवां काय भात जेवतत? घरात उद्याच्या पेजेक दाणो नाय! ह्यातले दोन शेर मी घेतले तर कासवां उपाशी मरूची नाय."

"ज्याचां नाव घेतलां त्याचांच," बाबा म्हणाले. आवाज चढला होता. तात्यांनी शेजारून डोकावून पाहिलं. "संपात मी दर आठवड्याक चादर भरून आणलंय. आपल्या घरात कधी मूठ घेतलंय? सांग. आपण उपाशी होतो तेव्हाय घेतलंय?"

"नाय घेतलास," आई म्हणाली. "तांच तर म्हणतंय मी. काय मिळालां त्येचां?"

बाबा वळून गॅलरीत चालायला लागले. आईलाही बोलल्यावर वाईट वाटलं असावं, कारण ती तशीच उभी राहिली आणि मग पदराने चादरीच्या कडेचे सांडलेले दाणे टिपून पुन्हा ढिगात टाकायला लागली, एकेक. त्या रात्री आम्ही तिघं त्या ढिगाला वळसा घालून अंथरुणं पसरून झोपलो, आणि पोटात पेज होती. मी हे कुणाला सांगितलं की लोकांना आदर्श वगैरे वाटतं. मला तेव्हा दोघांचाही संताप आला होता, आणि सकाळी उठून मी सर्वात आधी तो तांदूळ पोत्यात भरला.

तांडेलबाईंच्या भावाने ते पोतं हातगाडीवरून गिरगावात पोचवलं. मीही मागोमाग गेले. पेंडसे डॉक्टरांनी पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला, तांदूळ बोटांतून सोडले आणि हसायला लागल्या. "अगं, याचं मी काय करू? मैलामागे तांदूळ?" माझा चेहरा बघून त्या थांबल्या. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढे अनेक वर्षं तांडेलबाई ते सांगून मला चिडवायच्या. मी म्हटलं, "तुमचे पहारेकरी काय हवा खाऊन पहारा देणार आहेत?" डॉक्टरांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." तांदूळ परळहून सुटणाऱ्या एसटीच्या टपावरून कोकणात गेला. मला निघताना एवढंच म्हणाल्या, "पण सुमन, बाकीच्यांना पळून झाल्यावर मिळणार आहे. तू आधीच घेतलंयस. तुला पूर्ण करावी लागेल हं." त्या गमतीने म्हणाल्या. मला ते गमतीचं वाटलं नाही. पार्वतीकाकूंची मूठ मी परत कशी केली असती?

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत गिरगाव चौपाटीवर उभी राहिले. हाजीअली, वरळी, माहीम, तिथून वळून दादर, परळ, लालबाग, भायखळा आणि पुन्हा गिरगाव, अशा दोन फेऱ्या होत्या. लष्करातले जवान होते, कॉलेजची पोरं होती, दोन गोरे होते, आणि पायात उसने कॅनव्हासचे बूट घातलेली मी होते. पहिली फेरी मजेत गेली. लालबागला आले तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. आई कोकमाचं सरबत भरलेलं पातेलं घेऊन उभी, पार्वतीकाकू ओरडतायत, "पाय उचल गो, कासवाची चाल करू नको!" मी वर पाहिलं. गॅलरी माणसांनी वाकली होती. बाबा पुढे नव्हते. मागे, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड त्यांचा शर्ट दिसला. मी हात केला. त्यांनी पाहिला की नाही कोण जाणे.

दुसऱ्या फेरीत माहीमनंतर राग संपला. बाईंनी सांगितलं होतं तसाच. रागाच्या जागी दुसरं काही आलं असतं तर बरं, पण काहीच आलं नाही. पोटरीत गोळा आला, मग दुसऱ्या पोटरीत. दादरला मी चालायला लागले, परळला लंगडायला लागले. माझ्यामागे पळणारं कुणी उरलं नव्हतं, एक जीप होती फक्त. तिच्यात शर्यतवाल्यांचा एक मुलगा आणि एक हवालदार. रस्ता पुन्हा वाहनांना मोकळा केला होता, बस हॉर्न देत अंगावरून जात होत्या. हवालदार जीपमधून उतरून माझ्या बाजूने चालत होता आणि परत परत म्हणत होता, "बसा ताई गाडीत. झालं तेवढं पुष्कळ झालं." मला रडू यायला लागलं. लालबागचा नाका दिसला तेव्हा मी फुटपाथच्या कडेला टेकले. उठवेना. हवालदाराने मला आधार द्यायला दंडाला धरलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या नाक्यावरच्या लोकांनी काय पाहिलं? जीप उभी, हवालदार उभा, आणि गुरवांची पोर रडते आहे आणि तिला दंडाला धरून गाडीकडे नेतायत. असं दृश्य त्यांनी संपात इतक्यांदा पाहिलं होतं की दुसरं काही त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

"ए! चेडवाक धरल्यानी रे! गाडयेत घालतत!"

कॅरमवाली पोरं धावली. चहाच्या दुकानातून माणसं उठली. पार्वतीकाकू हातात झारा घेऊन आल्या. बघता बघता जीपभोवती गराडा पडला. "हवालदार, पोरीला हात नाय लावायचा!" "काय केलं तिने? धावली म्हणून पकडता काय?" हवालदार बिचारा सांगतोय, "अहो, दमली ती, म्हणून..." पण ऐकतो कोण. शर्यतीचा मुलगा जीपमध्ये आत सरकून बसला. आई गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि तिने मला काखेत हात घालून उभं केलं. मी म्हणत होते, "आई, काही नाही झालंय, मला पकडलं नाहीये," पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आणि मी उभी राहिले तशी ती सगळी गर्दी माझ्याभोवती कडं करून चालायला लागली. भायखळ्याच्या दिशेने. कुणी ठरवलं नाही. पोलीस एखाद्याला न्यायला आले तर त्याला मधे घेऊन चालायचं, एवढं त्यांच्या पायांना पाठ होतं. मीही चालले. एक पाऊल, दुसरं पाऊल.

पण मोर्चा मुका होता. कुणीतरी मुठी वर केल्या आणि मग सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कारण घोषणा काय द्यायची ते कुणालाच माहीत नव्हतं. बोनसची नाही, पगाराची नाही, मग कसली? मला त्या शांततेतली चपलांची फरफर अजून आठवते. आम्ही आमच्या चाळीखाली आलो होतो. आणि वरून आवाज आला.

"कासवांना जागाऽ!"

सगळ्यांनी माना वर केल्या. बाबा कठड्याला धरून पुढे वाकले होते. कपडे त्यांनी बाजूला सारले होते, कुणाचंतरी धोतर त्यांच्या खांद्यावर आलं होतं. तोंड लाल झालं होतं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

"कासवांना जागाऽ!"

"मिळालीच पाहिजे!" रस्ता म्हणाला. सवयीने. शब्द काय आहेत हे कळायच्या आधी. मग कळल्यावर काहीजण हसले, आणि हसत हसत पुन्हा म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. बाबा देत गेले. किनाऱ्यावर अंडी घालायला जागा, मिळालीच पाहिजे. मी पुढे जात होते आणि आवाज पाठीमागे पडत नव्हता, चिंचपोकळीपर्यंत मला तो ऐकू येत होता. मला काय वाटलं ते सांगते, आडपडदा ठेवत नाही. मला बाप परत मिळाल्याचा आनंद झाला, आणि इतका झाला की मी पळायला लागले. पायांत गोळे तसेच होते. कडं केलेली माणसं मागे राहायला लागली, पोरं भायखळ्याच्या पुलापर्यंत आली, तिथून पुढे दोघंतिघंच, आणि गिरगावात शिरले तेव्हा एकटीच होते, मागे जीप.

चौपाटीवर कमानी उतरवून झाल्या होत्या. पेंडसे डॉक्टर आणि तांडेलबाई दोघी वाळूत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. डॉक्टर टाळ्या वाजवत उठल्या. बाई बसूनच राहिल्या आणि मी जवळ गेले तेव्हा माझे पाय मांडीवर घेऊन बूट काढले. टाचांची कातडी सोलली होती. "शेवटी बरं पळालीस," एवढं म्हणाल्या. बाईंचं कौतुक तेवढंच असायचं.

घरी मला टॅक्सीत घालून आणलं; आयुष्यातली पहिली टॅक्सी. मजल्यावर मुलांनी मला उचलून नेलं. बाबा खोलीत पाट घेऊन बसले होते आणि आई त्यांना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावत होती. त्यांचा आवाज पार बसला होता. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. मग त्यांनी माझ्या टाचांकडे बोट दाखवलं आणि आईने हळद आणि तेल आणलं. बाबांनी ते स्वतः लावलं.

दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठताच येईना. सकाळ होती, आई चहाचं आधण ठेवून पिठाचा डबा खरवडत होती. बाबा तोंड धुऊन आले, खुंटीवरचा शर्ट काढला, घातला, बटणं लावली. आईचा हात डब्यात थांबला.

"खंय?" तिने विचारलं.

बाबांनी खालच्या दिशेने मान हलवली आणि दाराबाहेर गेले. नळाकडे वळले नाहीत. आई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. आम्ही दोघी नुसतं ऐकत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली. बराच वेळ थांबली. आईने पदराचं टोक तोंडात धरलं. मग पावलं पुन्हा उतरायला लागली. खाली न्हाव्याच्या दुकानाच्या फळीवर सकाळी पाचसहा गिरणीवाले पेपर वाटून घेऊन वाचत बसायचे. त्यांच्यातला कुणीतरी बोलला ते वर स्पष्ट ऐकू आलं.

"अरे, इलस? ये, बस. च्या घे."

बाबांना आवाज नव्हता, त्यामुळे त्यांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला कळलं नाही. आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग आधण उकळून चाललं होतं ते उतरवलं, चहा दोनच कपांत गाळला, आणि माझा कप माझ्या हातात देत म्हणाली, "पी. ते आता लवकर येउचे नाय."